उजव्या सीटवरचं काम

बसा, सगळे बसा. खांबापाशी उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. मी थोडी लांबण लावणार आहे, उभ्यानं पाय दुखतील.

तेरच्या मंडळींनो, बेंबळीहून आलेल्या पाहुण्यांनो, धाराशिवच्या विमानतळावरच्या मुलांनो. मी माणिकदादाची धाकटी बहीण, शकुंतला. ईटला दिलेली. माझा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत बोलण्यात गेला. वर्गात माझा घसा कधी बसला नाही. आज मात्र एसटीत बसल्यापासून पहिलं वाक्य शोधतेय आणि ते काही सापडत नाही. दादा 'होता' म्हणायला जीभ रेटत नाही हो. तुम्ही सगळे आलात, कामंधामं टाकून आलात. त्याला माणसं लई आवडायची. एवढी माणसं त्याच्या घरी एकदम कधी आली असती, तर चहा करताना त्याची धांदल उडाली असती.

माझ्याआधी जे बोलले ते चांगलं बोलले. कुणी म्हणालं, माणिकरावांनी तेरचं नाव आभाळात नेलं. कुणी म्हणालं, गरुड होते. गरुडबिरुड काही नव्हता तो. भाकरीवर तूप कमी पडलं तर रुसून बसणारा माणूस होता. आयुष्यभर परगावी पोरांना विमान चालवायला शिकवलं, निवृत्त झाल्यावर गावाकडं आला, आणि एक जुनं छोटं विमान घेऊन धाराशिवच्या धावपट्टीवर ठेवलं. चार सीटचं. आमच्या ईटच्या जीपमध्ये याहून जास्त माणसं बसतात. एवढीच त्याची ऐट.

पण मघाशी एकजण आणखी काही बोलले. नाव घेत नाही, समोरच बसलेत, मनानं चांगले आहेत. ते म्हणाले, पद्मावहिनी गेल्यापासून माणिकरावांचं मन इथं नव्हतंच, ते वहिनींकडं निघून गेले. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला गोड वाटतं. मी मात्र त्या वेळी दादाच्या लेकीकडं बघत होते. अश्विनीनं मान खाली घातली, ती अजून वर केलेली नाही.

म्हणून मी घरून जे ठरवून आले होते ते बाजूला ठेवते. आज एकच गोष्ट बोलते.

परवा सकाळी अश्विनीनं मला दादाच्या स्वयंपाकघरात विचारलं. पोरगी पुण्याहून आल्यापासून रडली नव्हती. डबे पुसत होती, आधीच पुसलेले डबे परत पुसत होती. पाठमोरीच होती. म्हणाली, "आत्या, बाबा मुद्दाम गेले का?"

लोक आडून आडून विचारतात. लेकीनं सरळ विचारलं. त्या वेळी मी तिला नुसतं जवळ घेतलं. अश्विनी, उत्तर आज देते. सगळ्यांसमोर देते, कारण प्रश्न सगळ्यांच्याच मनात आहे. मान वर कर, बाळा.

आणि दुसरी एक गोष्ट स्टँडवरच्या हॉटेलात माझ्या कानावर आली. म्हातारपणी पेट्रोल टाकायचंच विसरला म्हणे. टाकी रिकामी घेऊन उडाला म्हणे. हेही खरं नाही. विमानात पेट्रोल होतं. भरपूर होतं. मग इंजिन का बंद पडलं? तेच सांगते. मास्तरीण आहे, सोपं करून सांगते.

त्या विमानाला दोन पंख, आणि प्रत्येक पंखात एक टाकी. डावी टाकी, उजवी टाकी. काही विमानांत दोन्हींतून आपोआप पेट्रोल येतं. दादाच्या विमानात तसं नव्हतं. पायापाशी एक खटका होता. तो डावीकडं केला की इंजिन डावीतलं पिणार, उजवीकडं केला की उजवीतलं. बसल्या बसल्या बदलत राहायचं. नाही बदललं तर एक पंख हलका होतो, एक जड राहतो. आणि अगदीच विसरलं तर एक टाकी संपते आणि इंजिन बंद पडतं. दुसरी काठोकाठ भरलेली असली तरी बंद पडतं. इंजिनला काय कळतंय शेजारी काय ठेवलंय ते.

आता हे बदलायचं कधी? दर अर्ध्या तासानं. आणि ते लक्षात ठेवायचं कुणी?

इथं माझी वहिनी येते.

पद्मावहिनी विमानाला लई भ्यायची. पहिल्यांदा बसली तेव्हा लिंबू, मिठाची पुडी, देवाचा अंगारा, सगळं पदरात बांधून बसली होती. डोळे गच्च मिटून. दादानं ओळखलं, हिला काहीतरी काम दिल्याशिवाय हिची भीती जायची नाही. म्हणाला, "पद्मा, तुझ्या घड्याळाकडं बघत बस. मोठा काटा सहावर आला की म्हण, टाकी. बारावर आला की परत म्हण, टाकी. एवढं एकच काम. ते तू केलं न्हाईस तर आपुन दोघंबी खाली."

झालं. वहिनीनं डोळे उघडले ते घड्याळाकडं. आणि मग तिनं ते काम कधी सोडलं नाही. खाली डोंगर येवो, तलाव येवो, तिला काही देणंघेणं नाही. सगळे सांगायचे, काय भाग्य, वरून किती छान दिसत असेल. ती म्हणायची, मला कुठलं काय दिसतंय, मी घड्याळ बघते. मोठा काटा सहावर, टाकी. बारावर, टाकी. ती म्हणायची, आणि दादाचा हात खटक्याकडं जायचा. विचार न करता जायचा. संसार मुरला की असंच होतं. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं करायचं. कोण कुणाचं ऐकतंय हेही कळेनासं होतं.

हसू येईल तुम्हाला, पण तो शब्द त्यांच्या घरातसुद्धा आला. कुणाच्या लग्नात दादा एखाद्या पाहुण्याला गाठून राजकारणावर सुरू झाला, की वहिनी मागून जाता जाता हळूच म्हणायची, टाकी. की लगेच दादा म्हणणार, बरं ते राहू द्या, यंदा पाऊसपाणी कसं आहे तुमच्याकडं? पाहुण्याला वाटायचं, काय नम्र माणूस आहे. आम्हाला माहीत होतं कुणाचा नम्रपणा आहे तो.

एकदा तर बार्शीच्या पुढं वहिनीला डुलकी लागली. दादा आपला गाणं गुणगुणतोय. काटा सहावर येऊन पुढं गेला, चालू टाकी तळाला लागली. इंजिन खोकलं, आणि गप झालं. वहिनी त्या शांततेनं जागी झाली, आणि डोळे उघडायच्या आधी तिच्या तोंडातून शब्द आला, टाकी. दादानं खटका फिरवला. इंजिन काही लगेच सुरू होत नाही बरं का. पेट्रोल यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात विमान खाली येत राहतं. पण ते लई उंचावर होते, वेळ होता हातात. इंजिननं एक-दोनदा खोकून परत सूर धरला. दादा ही गोष्ट प्रत्येक बारशाला सांगायचा. शेवटी म्हणायचा, "उंची व्हती म्हणून वाचलो. खाली असतो तर काय खरं न्हवतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी परत त्याच्याकडं येणार आहे.

मग वहिनी गेली. दोन पावसाळे झाले. आजारी पडली आणि गेली, तुम्ही सगळे तेव्हाही आला होता, याच सतरंजीवर बसला होता. माणसं आली, माणसं गेली. अश्विनीला नोकरी होती, ती किती दिवस राहणार. मलाही माझं घर. आणि दादा एकटा.

एकटा म्हणजे काय ते सांगू? मी मधून मधून यायचे. त्याच्या घरी चहाचं पातेलं तेच मोठं. दोन कपांचं पाणी टाकायचा, मग थोडं ओतून द्यायचा. पेपर मोठ्यानं वाचायचा. कुणाला वाचून दाखवतोस रे दादा, मी विचारलं. म्हणाला, सवय. रोज सकाळी विमानतळावर जायचा. उडायचं नसलं तरी जायचा. विमान पुसायचा, आत बसायचा, दार लावून घ्यायचा. डाव्या सीटवर. उजव्या सीटवर कधी पिशवीसुद्धा ठेवायचा नाही. पिशवी मागं.

ईटवरून उडत गेला की माझ्या घरावर एक घेर मारायचा. मी हातातलं टाकून माळवदावर पळायचे, पदर हलवायचे. त्याला दिसत होते का नव्हते देव जाणे. संध्याकाळी फोन यायचा, शकू, हिरवं लुगडं होतं ना आज? कधी निळं असायचं. मी हो म्हणायचे. माझे मालक गेल्यापासून मला हाक मारणारं तेवढंच होतं हो. तेही वरून.

मागच्या थंडीत मला म्हणाला, चल, आज तू बस. मी बसले. उजव्या सीटवर बसले. वर गेल्यावर तेर दिसलं, तेरणा नदी दिसली, आपली पांढरी, गावातली सगळी घरं दिसली. मी लहान पोरासारखी काचेला नाक लावून बघत होते. आणि मग माझ्या लक्षात आलं, दादा बोलायचा थांबलाय. एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा समोर. परत माझ्याकडं. मला वाटलं काही बिघडलं. घाबरून विचारलं, काय झालं?  मग त्यानं स्वतःच मोठ्यानं म्हटलं, टाकी. आणि खटका फिरवला.

 मला कुणी सांगितलंच नव्हतं, की उजव्या सीटवर बसलं की ते काम आपलं असतं. थोड्या वेळानं तो हसला. म्हणाला, "आता असंच हाय शकू. म्याच म्हणतो अन् म्याच ऐकतो."

अश्विनीनं त्याला मोबाईलमध्ये गजर लावून दिला होता. व्हय ना गं? त्यानं लावूनही बघितला. इंजिनच्या आवाजात तो गजर ऐकू यायचा नाही. आणि खरं सांगू का, ऐकू आला असता तरी त्याला तो आवडला नसता. तो म्हणायचा, हे यंत्र कोंबड्यासारखं ओरडतं. पण उडताना तो स्वतःशी म्हणायचा. मी स्वतः ऐकलंय, म्हणायचा. दोन वर्षं म्हणत राहिला, आणि सुखरूप येत राहिला.

आता त्या दिवशीचं.

त्या दिवशी तो सोलापूरच्या बाजूनं परत येत होता. सकाळी निघायच्या आधी त्यानं मला फोन केला होता. काय म्हणाला ऐका. म्हणाला, रविवारी ये, हुरडा खाऊ. कोवळी कणसं सांगून ठेवलीत, गोवऱ्या आणल्यात, तू येताना शेंगदाण्याची चटणी कर, लसूण जास्त घाल. अश्विनीलाही सांग, पोरीला सुट्टी असली तर येईल. मंडळी, ज्याला जायचं असतं तो लसूण जास्त घालायला सांगत नाही. त्या गोवऱ्या अजून परसात रचून ठेवल्यात. उद्या येऊन बघा हवं तर.

तो खाली येऊ लागला होता. बेंबळीच्या शिवारावर असेल. धावपट्टी आता जवळच म्हणून उंची कमी केलेली. आणि इंजिन गप झालं.

बेंबळीचे बालाजीराव इथं बसलेत. त्यांच्या ज्वारीत दादा पडला. सगळ्यांत आधी तेच पळत गेले, आणि तो एकटा जाऊ नये म्हणून गाडी येईपर्यंत त्याचा हात धरून बसले. बालाजीराव, तुमचे हे उपकार आम्ही कुठं फेडणार. मी त्यांना विचारलं, तुम्ही काय ऐकलं? दोनदा विचारलं. ते म्हणाले, "ताई, आवाज एकदम गेला. नुसतं वारं वाजल्यागत झालं. मग परत खोकल्यागत आवाज आला. सुरू व्हाया बघत व्हतं बघा. अन् मग ज्वारीत घुसलं."

सुरू व्हायला बघत होतं. अश्विनी, ऐकतेस ना?

आणि विमानतळावरचे तरुण सर ते मागं बसलेत, दादाकडंच शिकलेले. तेही तिथं पोचले होते. चौकशी चालू आहे, अधिकारी त्यांचं काम करतील, जे काय ते लिहितील, मी त्यात पडत नाही. सरांनी डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच मला सांगितलं. डावी टाकी कोरडी. उजवीत भरपूर पेट्रोल. आणि खटका?

खटका उजवीकडं होता.

नीट समजून घ्या. डावी टाकी संपली, इंजिन बंद पडलं, आणि त्यानं हात घालून खटका उजवीकडं फिरवला. जगायचं होतं म्हणून फिरवला. रविवारी हुरडा होता म्हणून फिरवला. उजवीतलं पेट्रोल निघालं, इंजिनपर्यंत पोचत होतं, इंजिन खोकलं, सूर धरायला लागलं. आणि उंची संपली. बार्शीच्या पुढं उंची होती. बेंबळीवर नव्हती. बस, एवढंच झालं.

ज्याला जायचं असतं तो खटक्याला हात लावत नाही, बाळा. तुझा बाप तुझ्याकडं परत यायला धडपडत होता. शेवटपर्यंत त्याचा हात तिथंच होता. हे तुझं उत्तर.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चूक त्याचीच. हो, त्याचीच. मी त्याची बहीण आहे, तरी म्हणते. ज्यानं जन्मभर पोरांना पहिला धडा टाकीचा दिला तो स्वतः टाकी बदलायला चुकला. त्यावर मी पांघरूण घालणार नाही, त्याला ते चाललं नसतं. मुलांनो, तुम्ही शिकताय ना, तर त्याची ही चूक पाठ करा. कुणी म्हणेल याची वाट बघू नका.

पण का चुकला, ते मला विचारा.

मला वाटतं, तो वाट बघत होता. दुसरं काही नाही. दोन वर्षं स्वतःच म्हणून स्वतःच ऐकणारा माणूस, एखाद्या दुपारी कंटाळतो हो. थंडीची दुपार, ऊन चांगलं पडलेलं, खाली आपलं शिवार दिसू लागलेलं, घर जवळ आलेलं. मन जरा सैल पडलं असेल. जुन्या सवयीनं गाणं गुणगुणत असेल, आणि उजव्या सीटवरून कुणीतरी म्हणेल म्हणून निवांत बसला असेल. कुणी म्हणालं नाही. काटा पुढं गेला.

तो वहिनीकडं गेला नाही. ती शेजारी आहे असं त्याला थोडा वेळ वाटलं, एवढंच. या दोन्हींत लई फरक आहे. तुम्ही घरी जाऊन सांगाल तेव्हा हा फरक सांगा. चहाच्या कपाबरोबर सांगा, एसटीत सांगा, पण नीट सांगा.

मला आता ईटला जायचं आहे. वरून कुणी घेर मारणार नाही, मी माळवदावर कशाला जाऊ. तरी जाईन. कान त्या आवाजाला सवकलेत. म्हातारीला आता लुगड्याचा रंग विचारणारं कुणी राहिलं नाही. मला एकटं वाटतं, मंडळी. ते सांगायला मी लाजत नाही. दादा लाजला. दोन वर्षं सगळ्यांना म्हणत राहिला, मजेत आहे. आपल्यापैकी ज्यांच्या शेजारची जागा रिकामी आहे त्यांनी मजेत आहे म्हणू नका. शेजाऱ्याला सांगा, माझ्याकडं येऊन बस, आणि काटा आला की मला सांग.

बास. संपवते.

अश्विनीच्या हातात बघा, वहिनीचं घड्याळ आहे. तेच, बारकं, पिवळ्या पट्ट्याचं. मी इथून बघतेय, मोठा काटा बाराच्या जवळ आलाय. पाच वाजतील आता.

आपण उभे राहू. डोळे मिटा, हात जोडा, माणिकदादाला आठवा. मनात मोजू नका, घड्याळं बघू नका, मोबाईल खिशात ठेवा. किती वेळ झाला याची काळजी कुणी करायची नाही. आज घड्याळ बघायचं काम एकटीचं आहे. तो वाट बघत होता तशी आपण वाट बघू.

अश्विनी, इकडं ये. माझ्या उजव्या बाजूला उभी राहा. काटा बारावर आला की मोठ्यानं म्हण, मागच्यांना ऐकू जाईल असं म्हण. काय म्हणायचं ते तुला माहीत आहे.